९८.४ पर्सेंटाईल, मुलगी, एसईबीसी: सीओईपीचा अंदाज कसा बांधायचा?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. लेकीचा २०२५ च्या सीईटीचा (इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ९८.४ पर्सेंटाईल आले. गणित छान गेलं, केमिस्ट्रीनं खाली ओढलं. आम्ही कळंब्याजवळ राहतो, तिची दहावी-बारावी दोन्ही कोल्हापुरातच झाली. प्रवर्ग एसईबीसी (मराठा आरक्षणाचा), जात वैधता हातात आहे, नॉन क्रिमीलेअर काढायला टाकलंय. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत.

तिला पुण्याचं सीओईपीच (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे) हवंय. कॉम्प्युटर पहिली पसंती, मग ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), मग इलेक्ट्रिकल. मेटलर्जीसुद्धा आवडेल म्हणते, कारण तिचे बाबा शिरोलीत फाउंड्रीत आहेत आणि लहानपणापासून तिनं ओतकाम बघितलंय.

आता अडचण अशी की प्रत्येक जण वेगळंच सांगतो. क्लासचे सर म्हणाले, ९९ च्या खाली सीओईपीचं नाव काढू नका. एका अ‍ॅपवर माहिती भरली तर "६१ टक्के शक्यता" आलं, पण कशाची शक्यता ते काही कळलं नाही. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी ९७.९ वर तिथंच एक शाखा मिळाली, त्यामुळं त्या वहिनी म्हणतात, तुमचं तर नक्की. आणि हिचे बाबा म्हणतात, पसंतीक्रमात पहिल्या नंबरला सांगलीचं वालचंद कॉलेज घाला, उगाच वरचं मागून प्रवेशाची फेरी वाया घालवू नका.

पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर कटऑफ बघत बसते. कुणी नीट समजावून सांगेल का, की आपली शक्यता किती हे घरबसल्या कसं ओळखायचं?

पेठकर

अभिनंदन वहिनी! ९८.४ म्हणजे लई भारी मार्क. माझं सरळ मत: कॉलेज बघा, शाखा नंतर. सीओईपीत जी मिळेल ती घ्या. १८५४ चं कॉलेज आहे, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालंय. नाव बोलतं.

जुना_मास्तर

ताई, आधी मुलीला सांगा की रात्री झोप. अंदाज बांधायला लागणारा सगळ्यात महत्त्वाचा आकडा अजून हातात आलेलाच नाही. तो गुणवत्ता यादीत येईल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं. निवृत्तीनंतर दर जून-जुलैत ओळखीच्या मुलांचे पसंतीक्रम बघून देतो. मला दर वर्षी एकच गोष्ट दिसते. लोक पर्सेंटाईलला पर्सेंटाईल लावून बघतात आणि तिथंच फसतात.

पर्सेंटाईल हे सांगतं की तुमच्या मागे किती मुलं आहेत. जागा मिळणार की नाही हे ठरतं तुमच्या पुढे किती आहेत यावर. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभं राहिल्यावर मागे किती माणसं आली याचा आपल्याला काही उपयोग नसतो, पुढची मोजायची असतात.

आता शेजारच्या मुलाचं बघू. २०२४ ला पीसीएम गटाची परीक्षा साधारण तीन लाख मुलांनी दिली. ९७.९ म्हणजे त्याच्या पुढे २.१ टक्के, म्हणजे सुमारे ६,३०० मुलं. यंदा, २०२५ ला, त्याच गटाला बसलेली मुलं ४ लाख २० हजारांच्या आसपास आहेत. ९८.४ म्हणजे पुढे १.६ टक्के. ४ लाख २० हजारांचे १.६ टक्के काढा: ६,७२०.

म्हणजे तुमची मुलगी त्याच्यापेक्षा पर्सेंटाईलमध्ये अर्ध्यानं पुढे आहे आणि रांगेत चारशे मुलांनी मागे. त्याचा ६,३०० वा क्रमांक यंदा ९८.५ ला येतो. वहिनींनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण त्या "नक्की"वर विसंबू नका.

आणि क्लासच्या सरांचं "९९ च्या खाली नाव काढू नका" हेही तितकंच अपुरं आहे. कुठल्या शाखेला? कुठल्या प्रवर्गाला? मुलाला की मुलीला? सीओईपीचं कॉम्प्युटर खुल्या गटात ९९.८ च्या वरच बंद होतं, तिथं ९९ सुद्धा पुरत नाहीत. इतर शाखा त्याच्या बऱ्याच खाली जातात. अख्ख्या कॉलेजचा एक कटऑफ अशी गोष्टच नसते.

शाहूपुरी_४१६००१

मास्तर, हे गणित पहिल्यांदाच असं कुणी मांडलेलं बघतोय. पण एक शंका. वाढलेली सगळी मुलं कच्ची असतील तर? नुसती देऊन बघणारी. मग तुलना बदलेल ना?

जुना_मास्तर

शंका रास्त आहे. तसं असेल तर काय होईल? हुशार मुलं तेवढीच राहिली आणि मागे गर्दी वाढली, तर प्रत्येक हुशार मुलाचं पर्सेंटाईल वर सरकेल. जागा भरायच्या क्रमांकात फरक पडणार नाही, पण तो क्रमांक ज्या पर्सेंटाईलला येतो ते चढेल. म्हणजे दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच: गेल्या वर्षीचं पर्सेंटाईल यंदा चालत नाही, गेल्या वर्षीचा क्रमांक बऱ्यापैकी चालतो. "बऱ्यापैकी" म्हणतो, कारण जागा वाढतात, नव्या शाखा निघतात, मुलांची आवड बदलते.

सीईटी सेलनं प्रत्येक फेरीनंतर जाहीर केलेली कटऑफची पीडीएफ उघडा. प्रत्येक रकान्यात दोन आकडे दिसतील. वर मोठा पूर्णांक, त्याखाली कंसात पर्सेंटाईल. सगळे जण कंसातलं वाचतात. तुम्ही वरचं वाचा. तो महाराष्ट्र राज्याचा सर्वसाधारण गुणवत्ता क्रमांक आहे. आरक्षित रकान्यातसुद्धा तोच सर्वसाधारण क्रमांक छापलेला असतो. त्यामुळं आपला प्रवर्गातला क्रमांक त्याच्याशी ताडून बघू नका, चुकीचं समाधान मिळेल.

सांगली_होस्टेल

काकू, मी वालचंदला दुसऱ्या वर्षाला आहे, मूळची उचगावची. रकान्यांची नावं आधी समजून घ्या, मग सगळं सोपं होतं.

पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींची. ३० टक्के जागा मुलींच्या असतात. मधे प्रवर्ग: ओपन, एसईबीसी, ओबीसी वगैरे. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागाच्या विद्यापीठाची जागा), ओ म्हणजे होमच्या बाहेरची.

तुमच्या मुलीसाठी सीओईपीत चार रकाने आहेत: जी-ओपन-एस, एल-ओपन-एस, जी-एसईबीसी-एस आणि एल-एसईबीसी-एस. चारही दारं तिला उघडी आहेत. एसईबीसी आहे म्हणून ओपनच्या जागेतून बाद होत नाही आणि मुलगी आहे म्हणून जी मधून बाद होत नाही. चारांत जो क्रमांक सगळ्यात मागे गेलाय तो बघायचा, बहुतेक वेळा एल-एसईबीसी-एस. त्या अ‍ॅपनं यातला कुठला रकाना धरला होता ते बघा. माझ्या वेळी मी एका अ‍ॅपवर बघितलं तर त्यात मुलगा की मुलगी हे विचारलंच नव्हतं! मग त्या टक्क्याला काय अर्थ?

कळंबा_रोड

बाई गं, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ताच बघितलं, अ‍ॅपमध्ये नुसतं "ओपन / रिझर्व्ह" होतं. तीन-चार वर्षांच्या पीडीएफ काढून एल-एसईबीसीची सरासरी काढू का?

जुना_मास्तर

नको. सध्याचं एसईबीसीचं १० टक्के आरक्षण २०२४ च्या कायद्यानं आलंय. आधीचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये रद्द केलं होतं. त्यामुळं २०२२ आणि २०२३ च्या पीडीएफमध्ये तुम्हाला हा रकानाच सापडणार नाही. तुमच्याकडे तुलनेला एकच वर्ष आहे, २०२४. एका वर्षाच्या आधारावर अंदाज बांधताना हात राखूनच बांधायचा.

ईडब्ल्यूएसवाल्यांनीही (आर्थिक दुर्बल गट) हे लक्षात घ्यावं. २०२३ ला त्या रकान्यात असलेली बरीच मुलं २०२४ पासून एसईबीसीत गेली. २०२३ चे ईडब्ल्यूएसचे आकडे आता धरून चालू नका.

आणि फेरीही बघा. २०२४ ला तीन फेऱ्या होत्या, यंदा चार आहेत. पहिल्या फेरीचा क्रमांक बघून हताश व्हायचं नाही आणि शेवटच्या फेरीचा बघून निर्धास्त राहायचं नाही. दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. त्या दोन आकड्यांमधलं अंतर हीच खरी माहिती आहे. अंतर कमी असेल तर त्या शाखेतून कुणी फारसं हलत नाही. जास्त असेल तर मुलं वर सरकतात आणि जागा मोकळ्या होतात.

रंकाळा_पश्चिम

मधेच विचारतो, राग मानू नका. आमचं घर कोल्हापुरात, आधार-रेशन सगळं इथलं. मुलाची दहावी इथं झाली, पण अकरावी-बारावीला पुण्यात ठेवला होता. त्याला ९६ च्या आसपास आहेत. पुण्यातल्या खासगी कॉलेजांना आम्ही "ओ" मधेच येणार ना? म्हणजे कोल्हापूरची मुलं म्हणून?

सांगली_होस्टेल

काका, घर कुठं आहे यावर होम युनिव्हर्सिटी ठरत नाही. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातली असेल तर बारावी जिथून उत्तीर्ण झाला ते ठिकाण धरतात. म्हणजे तुमच्या मुलाची होम युनिव्हर्सिटी पुण्याची झाली. पुण्याच्या खासगी कॉलेजांत तो एच च्या रकान्यात, आणि कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या खासगी कॉलेजांत तो ओ च्या रकान्यात. होमसाठी ७० टक्के जागा असतात आणि बाहेरच्यांसाठी ३०, त्यामुळं फरक चांगलाच पडतो.

सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, वालचंद, कराडचं शासकीय, यांना हा प्रश्नच नाही. तिथं राज्यस्तर, शेवटी एस.

रंकाळा_पश्चिम

बरं झालं विचारलं. मी आठवडाभर चुकीचा रकाना बघत होतो. धन्यवाद पोरी.

पेठकर

म्हणजे कळंबा वहिनींच्या लेकीला पुण्यातल्या खासगीसाठी ओ, आणि गोकुळ शिरगाव, कसबा बावड्याच्या कॉलेजांसाठी एच. मग घरची कॉलेजं काय वाईट आहेत? शिवाजी विद्यापीठाच्या आवारात टेक्नॉलॉजी विभाग आहे, तिथंही बी.टेक. होतं.

सांगली_होस्टेल

वाईट अजिबात नाहीत. पण फॉर्ममध्ये ती कुठल्या नंबरला लिहायची, हा खरा प्रश्न आहे. आणि काकू, तुमच्या मिस्टरांनी जे सांगितलं त्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय, कारण माझ्या मैत्रिणीचं यात नुकसान झालं.

तिच्या घरच्यांनीही हेच म्हटलं होतं, वरचं मागून फेरी वाया घालवू नको. म्हणून तिनं घराजवळचं खात्रीचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं. पहिल्याच फेरीत तेच मिळालं. पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. शेवटच्या फेरीची पीडीएफ आली तेव्हा कळलं, तिच्या मनातल्या कॉलेजची तिला हवी असलेली शाखा तिच्यापेक्षा मागच्या क्रमांकावर बंद झाली होती. तिनं तो पर्याय लिहिलाच नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघी फोनवर काही बोलूच शकलो नाही.

जुना_मास्तर

या मुलीनं सांगितलं ते मला या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. जरा खोलात सांगतो, कारण "फेरी वाया जाते" ही समजूत कोल्हापुरातच नाही, सगळीकडे आहे, आणि ती साफ खोटी आहे.

जागावाटप असं होतं. यंत्रणा गुणवत्ता क्रमांकानं एकेका विद्यार्थ्याकडे येते. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचली जाते. पहिला पर्याय भरलेला असेल तर दुसरा, तो भरलेला असेल तर तिसरा. जिथं तुम्हाला लागू असलेल्या रकान्यात जागा शिल्लक आहे तिथं थांबते. वरचे पर्याय मिळाले नाहीत म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. वालचंद पहिल्या नंबरला लिहिलं काय आणि दहाव्या नंबरला लिहिलं काय, तुमच्या क्रमांकाला ते मिळणार असेल तर मिळणारच. तुमच्या मागचा मुलगा ते पहिल्या नंबरला लिहून तुमच्या पुढे जाऊ शकत नाही.

म्हणून शक्यतेचा अंदाज दोन गोष्टींसाठी बांधायचा: यादी किती खोल न्यायची हे कळण्यासाठी, आणि मनाची तयारी राहावी म्हणून. क्रम मात्र आवडीनंच लावायचा. जे सगळ्यात जास्त हवं ते वर, मग ते अशक्य वाटलं तरी.

यंदा तर हे आणखी महत्त्वाचं झालंय. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो पक्का. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तर पक्कं. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तर पक्कं. म्हणजे वरच्या सहा ओळींत "आपलं असू दे" म्हणून काही लिहायला जागाच नाही. त्या सहांत असं एकच कॉलेज असेल जे मिळाल्यावर मुलीला वाईट वाटेल, तर ते खाली न्या.

कळंबा_रोड

ह्यांना हे वाचून दाखवलं. पहिल्यांदा म्हणाले, असं कसं असेल. मग मी कागदावर पाच मुलं आणि चार जागा मांडून दोघांनी मिळून वाटून बघितल्या. क्रम बदलून पुन्हा केलं. आता ते गप्प आहेत आणि लेक हसतेय. :)

फाउंड्रीवाला

वहिनी, मेटलर्जीचं वाचलं म्हणून लिहितोय. मी गोकुळ शिरगावात मेल्टिंग सुपरवायझर आहे. आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत एवढ्या फाउंड्र्या आहेत, पण भट्टीपाशी मेटलर्जी शिकलेला माणूस कमीच दिसतो. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट येतो, त्यात कार्बन, सिलिकॉन, मॅंगेनीज सगळं लिहिलेलं असतं. पण एसजी आयर्नच्या कास्टिंगमध्ये मॅग्नेशियम मुरलं का नाही, ग्राफाईटच्या गोळ्या नीट झाल्या का नाही, हे सूक्ष्मदर्शकातून बघून सांगणारा वेगळा असतो. रिजेक्शन आलं की आम्ही वाळूला दोष देतो, कधी दोष धातूतच असतो.

पोरीनं लहानपणापासून बघितलंय आणि तिला खरंच आवड असेल तर ही शाखा "उरलेली" म्हणून लिहू नका. पण आवड नसताना नुसत्या कॉलेजच्या नावासाठी घेऊ नका. चार वर्षं फेज डायग्राम काढायची तयारी पाहिजे.

पेठकर

दादा, पटलं. तरी मी म्हणेन, सीओईपीत गेलं की कॅम्पसला कंपन्या येतात, शाखा कुठली का असेना. आतल्या मुलांशी ओळख, क्लब, सीनियर, हे दुसरीकडं मिळत नाही.

सांगली_होस्टेल

पेठकर दादा, कॅम्पसला येणारी प्रत्येक कंपनी प्रत्येक शाखेला बसू देत नाही. हे आधी त्या-त्या कॉलेजच्या प्लेसमेंटच्या पानावर शाखेनुसार बघून घ्यावं. मी सीओईपीतली एक शाखा सोडून वालचंदचं कॉम्प्युटर वर लिहिलं होतं, कारण मला कोडिंगच करायचं होतं. मला ते योग्य ठरलं. दुसऱ्या कुणाला उलटं योग्य ठरेल. दोन्ही बाजूंना हुशार मुलं आहेत.

जुना_मास्तर

या वादात मी एकच विचारतो: मुलीला कॉलेजचं नाव न सांगता दोन अभ्यासक्रमांचे विषय समोर ठेवा, सेमिस्टरनुसार. कुठला वाचताना ती थांबते ते बघा. कॉम्प्युटर आणि मेटलर्जी ही दोन टोकं आहेत. "सीओईपीत काहीही" असं सतरा-अठराव्या वर्षी म्हणणं सोपं असतं, तिसऱ्या सेमिस्टरला ते जड जातं. मी ते बघितलंय, म्हणून पेठकरांशी माझं जमत नाही.

सेतूशेजारी

कागदपत्रांकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहितो. मी दाखल्यांचंच काम करतो. शक्यतेची सगळी गणितं एका कागदावर अडतात.

कळंबा ताई, वैधता हातात आहे हे उत्तम. नॉन क्रिमीलेअर काढायला टाकलंय म्हणता, ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध आहे का हे हातात पडल्या-पडल्या बघा. जुन्या वर्षाचं चालत नाही. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतंय का बघा. पडताळणीत त्रुटी निघाली तर लॉगिनला संदेश येतो, तो न बघितल्यामुळं मुलं प्रवर्गातून बाहेर पडून ओपनमध्ये ढकलली जातात. मग एल-एसईबीसीचा रकाना बघण्यात काही अर्थ राहत नाही. तात्पुरती यादी आली की नाव, प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी, गुण, सगळं ताडून बघा. हरकत घ्यायची मुदत थोडीच असते.

आणखी एक. एसईबीसी, ओबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून (सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) पाहिजे. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. "पैसे भरा, सीट देतो" म्हणणारे फोन या दिवसांत येतात, त्यांना हे विचारून बघा.

मंगळवार_पेठ

त्या फोनबद्दल लिहितेच. मला एका समुपदेशन देणाऱ्यानं पसंतीक्रम भरून द्यायचे बारा हजार सांगितले. वर "तुमचं लॉगिन आणि पासवर्ड द्या, आम्हीच भरतो" म्हणाला. मी दिला नाही. या धाग्यात फुकट जेवढं कळलं त्याच्या निम्मंही त्यानं सांगितलं नव्हतं. आयांनो, पासवर्ड कुणाला देऊ नका. यादी एकदा कन्फर्म झाली की त्या फेरीपुरती बदलता येत नाही.

पुण्याचं राहण्या-जेवणाचं काय? फी माफ झाली तरी होस्टेल, मेस आहेच.

सेतूशेजारी

होस्टेल मिळेल का हे कॉलेजची यादी लागल्यावरच कळतं. बाहेर राहावं लागलं तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अटी वाचून सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा मुलांसाठी इथं बोर्डिंग काढलं, ते याच कारणासाठी. खेड्यातलं पोरगं हुशार असून राहण्या-खाण्यापायी मागं पडू नये म्हणून. आजही प्रवेश मिळून खोलीभाड्यापायी मागं फिरणारी घरं आहेत, म्हणून हा हिशोब फॉर्म भरायच्या आधीच करा.

कळंबा_रोड

मंडळी, गुणवत्ता यादी लागली. राज्य क्रमांक ६,४०० च्या घरात आलाय. मास्तरांनी ६,७२० चा अंदाज काढला होता, त्याच्या जरा पुढेच.

जुना_मास्तर

सीईटी दिलेली सगळीच मुलं कॅपला नोंदणी करत नाहीत, म्हणून थोडा पुढे आला. आता पीडीएफ घ्या आणि हा क्रमांक शेजारी ठेवा. २०२४ ची शेवटची फेरी. तुमच्या चारही रकान्यांतला सगळ्यात मोठा आकडा प्रत्येक शाखेपुढे लिहा. तो ६,४०० पेक्षा बराच लहान असेल तर दूर. बराच मोठा असेल तर जवळपास हातात. आजूबाजूला पाच-सातशेच्या अंतरात असेल तर काठावर, आणि काठावरच्याला कुणीही टक्केवारी सांगू नये. एल-एसईबीसीत एकेका शाखेला मोजक्या जागा असतात. एवढ्या थोड्या जागांत दोन मुलींनी दुसरीकडं जायचं ठरवलं तर क्रमांक कितीतरी मागे सरकतो, आणि दोघी जास्त आल्या तर तेवढाच पुढे. तिथं गणित थांबतं.

रकान्यात रोमन आकड्यांचे टप्पे दिसतील, त्यांना घाबरू नका. एखाद्या रकान्यात काहीच नसेल, तर "तिथं कुणालाच मिळालं नाही" असं समजू नका. ती जागा दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्या रकान्यात गेलेली असू शकते, खालच्या ओळीपर्यंत वाचा.

कळंबा_रोड

काल रात्री तिघांनी बसून केलं. बाबांनी आकडे वाचले, मी लिहिले, लेकीनं रंग दिले. सीओईपीचं कॉम्प्युटर दूरच राहिलं, ते तिलाही माहीत होतं. काही काठावर, काही जवळ. खरं सांगायचं तर ६१ टक्क्यांपेक्षा या कागदानं जास्त शांत वाटलं, कारण आता कशाची वाट बघायची ते कळलंय. पुढचं तीच लिहिते.

कळंबा_रोड

नमस्कार, मी तिची मुलगी. आईच्याच आयडीवरून लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

मास्तर, तुम्ही सांगितलं तसं सगळ्या शाखांचे विषय नाव झाकून वाचले. बाबांनी मोठ्यानं वाचले. मेटलर्जीचे मला खरंच आवडले, फाउंड्रीवाले काका, तुमच्यामुळं ती यादीत वर आली. ईएनटीसीचे तेवढे नाही आवडले, म्हणून ते खाली गेलं.

माझी यादी अशी: १. सीओईपी कॉम्प्युटर, २. सीओईपी इलेक्ट्रिकल, ३. सीओईपी मेटलर्जी, ४. वालचंद कॉम्प्युटर, ५. वालचंद आयटी, ६. सीओईपी ईएनटीसी. मग वालचंदच्या बाकी शाखा, कराड, पुण्यातली ओ रकान्यात जवळ दिसणारी खासगी, आणि शेवटी कोल्हापूरची, ज्यात क्रमांक अगदी आरामात बसतो. व्हीजेटीआय लिहिलं नाही, मुंबईत राहायची माझी तयारी नाही.

एकच प्रश्न: तीन नंबरला मेटलर्जी आहे. दुसऱ्या फेरीत ती मिळाली तर पक्की होईल, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत इलेक्ट्रिकल मोकळं झालं तरी मिळणार नाही. बरोबर ना?

जुना_मास्तर

बरोबर. पूर्ण समजलंय तुला. म्हणून स्वतःला विचार: मेटलर्जी मिळाली आणि पक्की झाली, तर आनंदानं जाशील का? हो असेल तर तीन नंबरला राहू दे. इलेक्ट्रिकलसाठी थांबायचंच असेल तर दुसऱ्या फेरीला मेटलर्जी चौथ्या नंबरला ने, पण मग तिसऱ्या नंबरला येणारं वालचंद कॉम्प्युटर पक्कं होण्याच्या टप्प्यात येतं, त्याचाही विचार कर. प्रत्येक फेरीआधी यादी नव्यानं भरता येते, तेव्हा पहिल्या फेरीचा निकाल बघून ठरव.

कळंबा_रोड

आनंदानं जाईन. तीन नंबरलाच ठेवते.

फाउंड्रीवाला

पोरी, सुट्टीत ये कधी बाबांबरोबर. हीट सुरू असताना सॅम्पल कसं काढतात, दाखवतो. सेफ्टी शूज घालून ये.

सेतूशेजारी

नॉन क्रिमीलेअर आलं का? तेवढं कळवा.

कळंबा_रोड

आज सकाळी आलं. ३१ मार्च २०२६ आहे, स्पेलिंगही जुळतंय. संध्याकाळी अपलोड करते.